एकट्यानं जॅझ वाजवताना उत्तर कोण देणार?

तुमचा प्रश्न मला असा समजला. तुम्ही दहा वर्षं टेनर सॅक्सोफोन वाजवता. घरी लॅपटॉप, साधा ऑडिओ इंटरफेस, एक कंडेन्सर माइक आणि एक छोटा सिंथ, म्हणजे सिंथेसायझर, आहे. जॅझ आणि इलेक्ट्रॉनिक संगीत यांचा मेळ घालणारा प्रायोगिक अल्बम तुम्हाला पूर्णपणे एकट्यानं करायचा आहे. चार ट्रॅक झालेत, पण ऐकणारे म्हणतात, ‘तयार ट्रॅकवर सॅक्सोफोन वाजवल्यासारखं वाटतंय.’ म्हणून तुम्ही विचारलंत की कोणता सिंथ किंवा प्लगइन (रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरला जोडायचा छोटा प्रोग्राम) घेतला तर दोन्ही एकजीव होतील, आणि आधी बीट करायचा की आधी सॅक्सोफोन.

पहिल्या भागाचं उत्तर सरळ आहे: सध्या काहीही विकत घेऊ नका. आहे तेवढं सामान पुष्कळ आहे. दुसरा भाग तुम्ही जाता जाता विचारलात, पण तुमची खरी अडचण तिथेच आहे. मी पुण्यात बावीस वर्षं रेकॉर्डिंग आणि मिक्सिंग करतोय, स्वतः सोप्रानो सॅक्सोफोन वाजवतो, आणि असे दोन अल्बम एकट्यानं केले आहेत. त्या अनुभवातून लिहितो. सगळंच तुम्हाला लागू पडेल असं नाही. तुम्हाला लोकांनी नाचावं असं संगीत करायचंय की डोळे मिटून ऐकावं असं, हे पुढे रंगमंचावर एकट्यानं वाजवायचंय की फक्त रेकॉर्डिंगपुरतंच, आणि तुमची खोली किती शांत आहे, या तीन गोष्टींवर बरंच अवलंबून आहे. तुम्ही लिहिल्यावरून मी धरून चाललोय की आधी ऐकण्याचं संगीत आहे, रंगमंचाचं नंतर बघू.

आता मूळ दुखणं. जॅझमध्ये सोलो वाजवणारा कधीच एकटा नसतो. तुमची फ्रेज, म्हणजे एका श्वासातलं सुरांचं वाक्य, संपली की ड्रमर झांजेवर हलकी थाप देतो, पियानोवाला एक अनपेक्षित कॉर्ड टाकतो, आणि तुमची पुढची फ्रेज त्यामुळे वेगळीच होते. ऐकणाऱ्याला ही देवाणघेवाण कळते. त्याला कॉर्डची नावं माहीत नसली तरी कुणीतरी कुणाचं तरी ऐकतंय हे त्याला जाणवतं. तुमच्या चार ट्रॅकमध्ये आठ बारचा लूप, म्हणजे पुन्हा पुन्हा फिरणारा तयार तुकडा, तुमचं काहीच ऐकत नाही. तुम्ही जीव तोडून वाजवा नाहीतर गप्प बसा, तो तसाच फिरतो. लोकांना खटकतंय ते हे. महागडा सिंथ आणला तर न ऐकणारा साथीदार जरा गोड आवाजाचा होईल, एवढंच.

कुणी म्हणेल, आपल्याकडे एकल तबलावादनात लेहरा, म्हणजे साथीला फिरत राहणारी धून, स्थिरच असतो की, आणि तरी मैफल रंगते. बरोबर. पण तिथे लेहऱ्याला सम असते. तबलजी समेपासून लांब जातो, आता हा कसा परत येणार असं वाटायला लावतो आणि नेमका समेवर उतरतो. स्थिर लेहरा ही त्या खेळाची मोजपट्टी असते. तुमच्या लूपला अशी सम नाही. प्रत्येक बार सारख्याच वजनाचा आहे, त्यामुळे त्याच्यापासून लांब जाण्यात काही धोका नाही आणि परत येण्यात काही आनंद नाही. म्हणजे दोन रस्ते उरतात. एक, यंत्राला तुमचं ऐकायला लावायचं. दोन, यंत्र स्थिर ठेवायचं पण त्याला लेहऱ्यासारखं गणित द्यायचं. मी बहुतेक वेळा पहिला रस्ता घेतो, म्हणून त्यावर जास्त लिहितो.

एकट्यानं जॅझ रेकॉर्ड करण्याची धडपड लॅपटॉपच्या कितीतरी आधीची आहे. जॅझवादक सिडनी बेशेनं 1941 मध्ये क्लॅरिनेट, सोप्रानो, टेनर, पियानो, बास आणि ड्रम्स अशी सहा वाद्यं एकट्यानं वाजवून रेकॉर्ड केली. तेव्हा टेप नव्हती. आधीची तबकडी वाजवायची, तिच्याबरोबर दुसरं वाद्य वाजवायचं आणि ते सगळं नव्या तबकडीवर कोरायचं. दर फेरीला खरखर वाढायची. पियानोवादक बिल इव्हान्सनं 1963 च्या ‘कॉन्व्हर्सेशन्स विथ मायसेल्फ’मध्ये स्वतःच्याच पियानोवर दुसरा आणि तिसरा पियानो चढवला. अल्बमचं नावच सांगतं की हा स्वतःशी केलेला संवाद आहे. पण दोन्हीकडे एक अडचण राहते. दुसरा थर पहिल्याचं ऐकतो, पहिला दुसऱ्याचं कधीच ऐकत नाही. तो आधीच होऊन गेलेला असतो.

ही कोंडी फोडणारी गोष्ट पॅरिसमध्ये त्याच 1963 साली घडली, आणि तुमच्या अल्बमसाठी मला ती सगळ्यात मोलाची वाटते. टेरी रायली हा अमेरिकन संगीतकार तिथे एका नाटकासाठी संगीत करत होता. वाजवायला होता ट्रम्पेटवादक चेट बेकर आणि त्याचा संच. रायलीला लांबत जाणारा, पुन्हा पुन्हा येणारा प्रतिध्वनी हवा होता. एका फ्रेंच तंत्रज्ञानं दोन टेपरेकॉर्डर शेजारी ठेवले आणि एकच टेप दोघांतून ओढून घेतली. पहिला रेकॉर्ड करतो, तीच टेप पुढे दुसऱ्यावर पोचली की वाजते, आणि तो आवाज पुन्हा पहिल्याकडे पाठवला जातो. अंतर जेवढं जास्त तेवढा प्रतिध्वनी उशिरा. टेप सेकंदाला साडेसात इंच धावत असेल आणि यंत्रं पाच फुटांवर असतील, तर तुमचा स्वर बरोबर आठ सेकंदांनी परत येतो.

पुढे रायलीनं स्वतः सोप्रानो सॅक्सोफोन हातात घेतला. जॅझ सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनच्या सोप्रानोचा त्याच्यावर मोठा प्रभाव होता. सॅक्सोफोन, ऑर्गन आणि ही टेपची जोडी घेऊन तो रात्र-रात्र एकट्यानं मैफली करायचा. 1969 च्या ‘अ रेनबो इन कर्व्ह्ड एअर’ या अल्बमवर सगळी वाद्यं त्याचीच आहेत. त्याची दुसरी बाजू तुम्ही हेडफोन लावून, अंधारात, मधे न उठता ऐका. तो एकटा वाजवतोय, पण त्याच्याभोवती सॅक्सोफोनचा थवा आहे, आणि त्या थव्यातला प्रत्येक पक्षी त्याच्याच तोंडून थोड्या वेळापूर्वी सुटलेला आहे. इथे यंत्र ऐकतंय. तुम्ही हळू वाजवलंत तर साथ हळू होते. चुकीचा स्वर सोडलात तर तो परत येतो आणि त्याचं काय करायचं हे तुम्हालाच ठरवावं लागतं. साथीदार कुठून आणायचा, याचं माझ्या दृष्टीनं हे सगळ्यात प्रामाणिक उत्तर आहे.

लॅपटॉपवर हे करायला वेगळं काही लागत नाही. तुमच्या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरसोबत आलेला साधा डिले, म्हणजे आवाज उशिरानं परत देणारा इफेक्ट, घ्या. वेळ आठ सेकंद. तो एवढा लांब जात नसेल तर सोबतचा लूपर वापरा. फीडबॅक, म्हणजे दर फेरीला पुन्हा आत जाणारा आवाज, साठ ते सत्तर टक्क्यांच्या आसपास ठेवा, म्हणजे स्वर चार-पाच फेऱ्यांत विरत जाईल. फीडबॅकच्या वाटेवर एक फिल्टर बसवा, जो दर फेरीला वरची थोडी धार कापेल. टेप हे आपोआप करायची, म्हणून जुने प्रतिध्वनी मागे सरकल्यासारखे वाटायचे. डिजिटल प्रतिध्वनी धारदारच राहतो आणि पाचव्या मिनिटाला सगळा चिखल होतो. क्लिक, म्हणजे ताल मोजणारी टकटक, बंद. आणि वीस मिनिटं वाजवा. पहिल्या दिवशी तुम्ही खूप जास्त वाजवाल, सगळेच वाजवतात. तिसऱ्या-चौथ्या दिवशी लक्षात येईल की आत्ता सोडलेला स्वर आठ सेकंदांनी माझा तानपुरा होणार आहे, आणि तुम्ही स्वर निवडायला लागाल. मधल्या शांततेलाही किंमत येईल.

तानपुऱ्याचं नाव उगाच घेतलं नाही. रायली 1970 पासून पंडित प्राणनाथ यांच्याकडे गाणं शिकला, ते थेट 1996 मध्ये पंडितजी गेले तोवर. प्राणनाथ हे किराणा घराण्याच्या उस्ताद अब्दुल वहीद खाँ यांचे शिष्य, म्हणजे आपल्या हिराबाई बडोदेकरांचे गुरुबंधू. एकेका स्वराला वेळ द्यायचा, त्याच्याभोवती घाई न करता फिरायचं, ही वहीद खाँसाहेबांची विलंबित आलापी हिराबाईंमुळे महाराष्ट्राच्या कानात बसली आणि प्राणनाथांमुळे कॅलिफोर्नियात पोचली. प्राणनाथांचा आणखी एक शिष्य, ट्रम्पेटवादक जॉन हॅसल, गळ्यातली मींड ट्रम्पेटवर आणायला झटला. 1980 मध्ये इलेक्ट्रॉनिक संगीतकार ब्रायन ईनोबरोबरच्या ‘पॉसिबल म्युझिक्स’वर त्याचा ट्रम्पेट हार्मोनायझर या यंत्रातून जातो. एक स्वर वाजवला की त्याच क्षणी त्याच्या समांतर आणखी स्वर निघतात, आणि मींड घेतली की सगळा समूह एकत्र घसरतो. ट्रम्पेट आहे की माणसांचा घोळका, कळत नाही. इथेही यंत्र वादकाच्या श्वासाला बांधलेलं आहे. तुमच्या सिंथच्या पॅडला, म्हणजे मागे लांब धरलेल्या स्वरांना, तुमच्या श्वासाची खबरच नाही. फरक हाच.

म्हणून ‘आधी काय’ याचं माझं उत्तर: आधी सॅक्सोफोन, क्लिकशिवाय, फार तर एका आधारस्वरावर.

हे मी चुकून शिकलो. 2009 मध्ये पहिल्या अल्बमला सुरुवात केली तेव्हा मी तुमच्यासारखंच आधी बीट, मग बास, मग पॅड, आणि सगळ्यावर सॅक्सोफोन असं रचत गेलो. चौदा महिने गेले. अकरा ट्रॅक तयार झाले आणि एकही मला दुसऱ्यांदा ऐकावासा वाटेना. एका संध्याकाळी वीज गेली, लॅपटॉपची बॅटरी थोडी उरली होती. मी सगळे थर बंद करून नुसता सॅक्सोफोन ऐकला आणि धक्का बसला. वाजवणं वाईट नव्हतं, पण प्रत्येक फ्रेज चार बारांत कापल्यासारखी होती. लूपनं माझा श्वास ठरवला होता. मी ते सगळं बाजूला ठेवलं आणि नुसत्या इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्यावर नव्यानं वाजवायला बसलो. त्या टेकमधून, म्हणजे एका दमात केलेल्या रेकॉर्डिंगमधून, जे निघालं ते अल्बमचा कणा झालं.

तेव्हापासून पद्धत अशी आहे. पाच-सहा दिवस रोज एक लांब टेक, वीस ते तीस मिनिटांचा. त्यानंतर आठवडाभर हात लावायचा नाही. मग कागद-पेन घेऊन ऐकायचं आणि कान टवकारले जातात ती मिनिटं लिहायची. तीन तासांतून फार तर पंचवीस मिनिटं उरतात. त्या मिनिटांत लय कुठे आहे ते शोधायचं. क्लिक नव्हता म्हणजे लय नव्हती असं नाही. पायानं ठेका धरून ती टिपता येते आणि सॉफ्टवेअरमध्ये तसा टेम्पोचा नकाशा काढता येतो. मग यंत्राची लय तुमच्या वाजवण्याप्रमाणे सरकते. अंतऱ्याला जरा पुढे झुकते, फ्रेज संपताना मागे रेंगाळते.

त्यावर चढवायचे आवाजही शक्यतो सॅक्सोफोनमधूनच काढा. मला या कामात सगळ्यात जास्त आनंद इथेच मिळतो. स्वर न फुंकता किल्ल्या आपटल्या की लाकडी ठोक्यासारखा आवाज येतो. तो दोन सप्तकं खाली उतरवला की बास ड्रम होतो. रीडवरून नुसता श्वास सोडला की हाय-हॅट. एक लांब खर्जाचा स्वर ग्रॅन्युलर प्लगइनमध्ये टाकला, म्हणजे त्याचे मिलिसेकंदांचे कण करून ते पसरले, की असा पॅड मिळतो ज्यात तुमच्या टेनरचाच खरखरीतपणा आहे. मग वरचा सोलो आणि खालचा पॅड यांच्यात रक्ताचं नातं असतं. एकजीव व्हायला त्यांना वेगळं रिव्हर्ब लागत नाही. माझ्या दुसऱ्या अल्बममध्ये सिंथ फक्त दोन ठिकाणी आहे, बाकी सगळं सॅक्सोफोन आणि खोली.

आता बीट हवाच असेल तर. तुमचे चारपैकी तीन ट्रॅक ठेक्याचे आहेत, त्यामुळे हे महत्त्वाचं. सॉफ्टवेअरमधली स्विंगची, म्हणजे मात्रेचे दोन अर्धे किती असमान आहेत याची, टक्केवारी समजून घ्या. पन्नास म्हणजे सरळ, दोन्ही अर्धे सारखे. सहासष्ट-सदुसष्ट म्हणजे दोनास एक, तीन भागांतले पहिले दोन धरलेले. पण खरा स्विंग एका आकड्यावर बसत नाही. लय वाढते तसा वादकाचा स्विंग सपाट होत जातो, संथ लयीत जास्त लोंबतो. संपूर्ण ट्रॅकला बासष्ट टक्के लावलेत तरी ती वाकडी केलेली चौकटच. त्यापेक्षा तुमच्याच किल्ल्यांच्या आवाजाचा चार बारचा तुकडा घ्या, त्यातून ग्रूव्ह, म्हणजे ठोक्यांच्या वेळांचा साचा, काढा आणि तोच ड्रम मशीनला लावा. म्हणजे मशीन तुमच्यासारखी लोंबेल.

इथे दुसरा रस्ताही सांगतो, स्थिर यंत्राला गणित देण्याचा. एक लूप सात मात्रांचा करा, दुसरा अकरा मात्रांचा. दोन्ही एकदम सुरू केले तर ते पुन्हा एकत्र सत्त्याहत्तर मात्रांनी येतात. लय मिनिटाला नव्वद मात्रा असेल तर साधारण एकावन्न सेकंदांनी. ती झाली तुमची सम. मधल्या काळात कोणतेही दोन क्षण सारखे नसतात, आणि तुम्हाला ठाऊक असतं की घर कुठे आहे. हे कानानं पाठ होईपर्यंत टाळी देत ऐका, मगच सॅक्सोफोन उचला. आणि त्या आठ सेकंदांच्या डिलेवर नव्वदची लय धरलीत तर बरोबर बारा मात्रा बसतात. एकतालाचं आवर्तन तयार मिळतं.

माझ्या ‘आधी सॅक्सोफोन’ नियमाला एक मोठा अपवाद आहे, तो सांगितलाच पाहिजे. इंग्लंडचा सॅक्सोफोनवादक जॉन सर्मन याचा 1979 चा ‘अपॉन रिफ्लेक्शन’. बॅरिटोन, सोप्रानो, बास क्लॅरिनेट आणि सिंथ, सगळं तो एकटाच वाजवतो. ओस्लोतल्या स्टुडिओत निर्माते मॅनफ्रेड आयखर यांच्या देखरेखीखाली हे रेकॉर्ड झालं. पहिल्याच रचनेत सिंथची फिरती आकृती आहे, यंत्रासारखी, न थांबणारी. तरी ती जिवंत वाटते. मी ती पुष्कळदा ऐकली आहे, आणि मला वाटतं कारण असं की त्या आकृतीत ड्रम नाहीत, बास नाही, जागा मोकळी आहे, आणि तिच्यावर एकच वाद्य नाही, वेगवेगळे स्वभाव असलेली वाद्यं आपसात बोलतात. सिंथ नदीसारखा वाहतो आणि काठावर माणसं गप्पा मारतात. तुम्हाला लूप इतकाच प्रिय असेल तर हा धडा घ्या: लूपमधून निम्मं काढून टाका, आणि सॅक्सोफोनचे दोन आवाज करा, एक विचारणारा आणि एक उत्तर देणारा. दोन्ही एकाच दिवशी रेकॉर्ड करू नका. दुसऱ्या दिवशी तुम्ही थोडे वेगळे माणूस असता, आणि ते ऐकू येतं.

तांत्रिक बाबींत दोनच ठिकाणी तुमच्यासारख्यांचे हाल होतात.

पहिली, लेटन्सी, म्हणजे आवाज लॅपटॉपमधून जाऊन परत येईपर्यंतचा उशीर. बफर म्हणजे सॉफ्टवेअर एका वेळी जमवतं तो आवाजाचा तुकडा. 48 किलोहर्ट्झला 128 सॅम्पलचा बफर म्हणजे पावणेतीन मिलिसेकंदांपेक्षा किंचित कमी, 512 चा म्हणजे पावणेअकरा, आणि हे जाताना एकदा, येताना एकदा. 512 वर ठेवून हेडफोनमध्ये स्वतःला ऐकलंत तर तुमचा सॅक्सोफोन सात मीटर लांबून वाजतोय असं होतं. त्यातून हाडांमधून तुम्हाला तोच स्वर लगेच ऐकू येतो, त्यामुळे आवाज पोकळ लागतो आणि माणूस नकळत पुढे ढकलत वाजवायला लागतो. तुम्ही ‘सॅक्सोफोन बीटच्या पुढे पळतो’ असं लिहिलंय, त्याचं कारण मला हेच दिसतं. इंटरफेसवरचं थेट मॉनिटरिंग (लॅपटॉपला वळसा घालून स्वतःला ऐकण्याची सोय) चालू करा आणि सॉफ्टवेअरमधून येणारा कोरडा, प्रतिध्वनीशिवायचा सॅक्सोफोन बंद करा. फक्त डिलेचा आवाज सॉफ्टवेअरमधून येऊ द्या. आठ सेकंदांच्या प्रतिध्वनीत वीस मिलिसेकंद इकडे-तिकडे झाल्यानं काही बिघडत नाही. ब्लूटूथ हेडफोन मात्र या कामाला अजिबात नको.

दुसरी, सूर. सिंथ 440 हर्ट्झवर पक्का असतो. तुमचं वाद्य हवेच्या तपमानाबरोबर चढतं-उतरतं, कागदावरचा हिशेब एका अंशाला सुमारे तीन सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग). वाजवताना श्वासानं नळी तापते, त्यामुळे प्रत्यक्षात फरक कमी पडतो. तरी थंड वाद्यावरचा पहिला टेक आणि तासाभरानंतरचा टेक एकमेकांवर ठेवलेत तर कान कुरकुरतो. आपल्याकडे मे महिन्यातली दुपार आणि डिसेंबरमधली पहाट यांची तर बातच वेगळी. म्हणून वीस मिनिटं वाद्य तापवा, मग सिंथच्या फाइन ट्यूननं सिंथ तुमच्याशी जुळवा, तुम्ही सिंथशी नाही. गवय्याच्या स्वराला तानपुरा जुळवतात, तसंच. माउथपीस आत-बाहेर करून मशीनशी जुळवून घेणारा वादक तिथेच अर्धा हरलेला असतो, कारण त्याचे सगळे स्वर जरा कचरत येतात.

यानंतरची पायरी कात्रीची, आणि तीही वाजवण्याइतकीच सर्जनशील आहे. ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसचा 1969 चा ‘इन अ सायलेंट वे’ घ्या. वाजवणारे एकापेक्षा एक, पण अल्बमचा आकार निर्माते टीओ मसेरो यांच्या टेप कापण्या-जोडण्यातून आला. दुसऱ्या बाजूची शांत सुरुवात शेवटी पुन्हा येते. ती नव्यानं वाजवलेली नाही, तीच टेप पुन्हा जोडली आहे. आणि तरी शेवटी ती ऐकताना ती वेगळी वाटते, कारण मधे आपण कुठेतरी जाऊन आलेलो असतो. तुम्हाला यातून दोन गोष्टी घेता येतील. लांब टेकमधला सर्वोत्तम तुकडा कुठे ठेवायचा हे ठरवण्याचा हक्क तुमचा आहे, तो ज्या क्रमानं वाजला त्या क्रमाला बांधून राहू नका. पण फ्रेजच्या आतला श्वास कापू नका. एकेक स्वर ओढून चौकटीत बसवणं तर नकोच. मी दहा टेकमधून एक निर्दोष सोलो शिवून पाहिला आहे. त्यात एकही चूक नव्हती आणि एकही माणूस नव्हता.

मिक्सिंगवर थोडंच लिहितो, कारण मूळ नातं जुळलं की ते सोपं होतं. टेनरचे मूळ स्वर साधारण 100 ते 650 हर्ट्झमध्ये असतात. सिंथचे गुबगुबीत पॅड नेमके तिथेच बसतात आणि मग तुम्ही सॅक्सोफोनचा आवाज वाढवत राहता. पॅडमधून तो पट्टा उतरवा, सॅक्सोफोनला हात लावू नका. माइक सॅक्सोफोनच्या पुढच्या रुंद तोंडात नको. दीड-दोन फुटांवरून, दोन्ही हातांच्या मधोमध रोखून धरा, कारण बहुतेक स्वर उघड्या छिद्रांतूनच बाहेर पडतात. खोलीत गोधड्या टांगा, पंखा बंद, आणि शेजारच्या कुकरच्या शिट्ट्यांच्या वेळा पाहून ठेवा. दुसऱ्या कुणाच्या जुन्या रेकॉर्डमधला तुकडा सॅम्पल म्हणून घ्यायचा मोह झाला, तर ध्वनिमुद्रणाची आणि मूळ रचनेची अशा दोन वेगळ्या परवानग्या लागतात. एकट्या माणसानं पहिल्या अल्बममध्ये त्या फंदात पडू नये असं माझं मत आहे.

आणखी एक गोष्ट, जी तुम्ही विचारली नाहीत. एकट्यानं वाजवणं ठीक, पण एकट्यानं ऐकणं नको. महिन्यातून एकदा कुणालातरी समोर बसवा आणि पूर्ण टेक ऐकवा. माझी आई गाणं शिकलेली नाही, पण ती कोणत्या मिनिटाला ओटा पुसायला उठते हे मी पाहून ठेवतो. मत विचारायचं नाही, फक्त बघायचं. समोर माणूस बसला की तुमचाच कान बदलतो आणि लांबलेली जागा तुम्हाला आपोआप टोचायला लागते.

तर थोडक्यात, तुमच्यासाठी क्रम असा: आधी क्लिकशिवाय लांब टेक, त्यातून निवड, मग लयीचा नकाशा, मग सॅक्सोफोनमधूनच काढलेले आवाज, आणि सगळ्यात शेवटी, गरज उरली तर सिंथ.

तुमचे ते चार ट्रॅक फेकू नका. तिसऱ्याबद्दल तुम्ही लिहिलंय की मधे तुमचा लूप चुकून बंद पडला, तुम्ही तसेच दीडेक मिनिट वाजवत राहिलात आणि नंतर ते कापून टाकलंत. ते दीड मिनिट शोधा. कचऱ्याच्या फोल्डरमध्ये असेल तर परत काढा, आठ सेकंदांच्या डिलेमधून त्याला सोडा आणि काय परत येतं ते ऐका. ते ऐकून झालं की खोली किती बाय किती आहे आणि कोणत्या वेळी रेकॉर्ड करता ते कळवा, म्हणजे माइकच्या जागेबद्दल नीट सांगता येईल.